दिवस बुडायच्या आत भाकरी

मी सगळ्यात जास्त ऋणी आहे तो निपाणीतल्या माझ्या घरमालकिणीचा. त्यांना मी आक्का म्हणायचो. घर जैनांचं, त्यामुळे सूर्य मावळला की जेवण बंद. मी कणकुंबीकडचा, मराठी शाळेत शिकलेला, घराण्यातला पहिला पदवीधर. निपाणीत कर्नाटक सरकारच्या कचेरीत कारकून म्हणून लागलो होतो. पण कन्नडची तोंडी परीक्षा पास झालो तरच नोकरी कायम होणार होती.

"त्यात काय रं? भाकरी कन्नडात मागायची. न्हाय आलं तर उपाशी झोपायचं," आक्का म्हणाल्या.

सुरुवातीला 'ऊटा', म्हणजे जेवण, एवढा शब्द पुरला. पुढच्या आठवड्यात पूर्ण वाक्य लागलं. मग भाकरी का हवी, याचं कारण. मग कालच्या भाजीबद्दल तक्रार, तीही आक्कांना राग येणार नाही अशी. तेही जमायला लागलं, तसे त्यांचे यजमान अण्णा माझ्याविरुद्ध वकील म्हणून उभे राहिले आणि सासूबाई पाटावर न्यायाधीश होऊन बसल्या. मी आज भाकरीच्या लायकीचा आहे का, यावर रोज खटला!

अण्णा मुद्दाम लांबण लावायचे. एकदा मी न राहवून ओरडलो, "अण्णा, दिवस बुडाय लागलाय!"

"मराठीतला अर्ज चालत न्हाय," सासूबाई म्हणाल्या.

उपाशी झोपलो. आक्काही जेवल्या नव्हत्या, हे सकाळी कळलं.

बेळगावात परीक्षकांनी सहज विचारलं, "ऊटा आय्ता?" जेवण झालं का, हे इकडे नमस्कारासारखंच विचारतात. पण माझी नजर खिडकीतल्या उतरत्या उन्हाकडे गेली आणि मी सुरू झालो: भाकरी मलाच का मिळावी, कालचा दोडका कसा खारट होता, विरुद्ध वकिलांचं म्हणणं कसं खोटं आहे. परीक्षकांनी घाबरून शिपायाला चपाती-भाजी आणायला पाठवलं आणि मला पास केलं.

कायम झालो, बेळगावला बदली झाली. तिथून आक्कांना कन्नडात पत्र पाठवलं. त्याचं मराठी असं:

"आक्का, नमस्कार. इथं खानावळीत न बोलता ताट समोर येतं. भाजी खारट आहे म्हटलं तर विरुद्ध बाजूनं कुणी उभंच राहत नाही. जेवल्यासारखं वाटत नाही. शनिवारी कचेरी सुटली की निघतो. अण्णांना तयारीत राहायला सांगा. बसला उशीर झाला तर सूर्याला जरा थांबवा. त्याला कन्नडात विनवायचं कसं, ती फेरी आपली राहिलीच."