गादीवाल्यांचा खोकला

आमची आत्या गाद्यांच्या कारखान्यात टाके घालायची; दुपारी तिचा डबा मीच पोचवायचे. खोळीत कापूस भरून झाला की वीतभर दाभण घेऊन बसायची, आणि हातापेक्षा तिचं तोंड जास्त चालायचं. समोर कापूस पिंजायला भोंगा. त्याचं खरं नाव बहुतेक त्याच्या बायकोलाच ठाऊक असावं. मशीन चालू असतानाही ऐकू यायचा तो त्याचाच आवाज. दोघं वर्षानुवर्षं भांडत आले होते, आणि एक जण आला नाही की दुसऱ्याला करमत नसे.

त्या कारखान्यात खोकला हा आजार नव्हताच. कापसाचे तंतू नाकातोंडात जाणार, माणूस खोकणार. जो खोकत नाही तो नवखा. म्हणून वस्तीभर क्षयाची तपासणी करत फिरणारी नर्सबाई तिथे आली आणि "कुणाला खोकला आहे का?" असं तिनं विचारलं, तेव्हा सगळ्यांनी खोकत खोकत "नाही" म्हणून सांगितलं. मला आजही त्याचं हसू येतं, आणि रागही.

नर्सबाई खमकी होती. "असो नाहीतर नसो, छातीचा फोटो सगळ्यांचाच काढायचाय. कोपऱ्यावर गाडी उभी आहे."

"मी नाही येत," भोंगा म्हणाला. आत्या गेली ती केवळ तो नाही म्हणाला म्हणून.

फोटोत डाग दिसला. थुंकी तपासली, तर क्षयच. सहा महिने नेमानं गोळ्या घेतल्या की क्षय पूर्ण बरा होतो, असं नर्सबाईनं समजावलं. पण आत्याला भीती गोळ्यांची नव्हती, लोकांची होती. "कारखान्यात सांग, पाय मुरगळलाय," तिनं मला बजावलं. झाकली मूठ सव्वा लाखाची! मीही मूग गिळून बसले.

घरी बसून तिच्या डोक्यात मात्र भोंगाच. "त्याचा खोकला माझ्यापेक्षा जुना आहे गं. त्या मेल्यालाही असला तर?"

"मग सांग ना त्याला."

"आणि उद्या मला तिथे कोण उभं करेल?"

गाडी पुढच्या वस्तीत जायची वेळ आली, तशी ती उठली. तोंडाला फडकं बांधलं, मला सोबत घेतलं आणि कारखान्याच्या दाराबाहेरूनच ओरडली, "भोंग्या, मशीन बंद कर!"

मशीन थांबलं.

"पायबिय काही मुरगळलेला नाही. मला क्षय झालाय. औषध चालू आहे, मी बरी होणार आहे. आता सगळे जाऊन छाती दाखवून या. भोंग्या, तू आधी."

मालक उठून दारात आला. संपलं, असं मला वाटलं. त्यानं आत्याकडे पाहिलं आणि आत वळून तो खेकसला, "बघताय काय? चला!"

भोंग्याला क्षय निघालाच, आणि तोही चांगला वाढलेला. त्याला दवाखान्यात ठेवून घेतलं. आत्या बरी होऊन कामावर गेली, तेव्हा समोर दुसराच माणूस होता. ती गुमान टाके घालायची. ते बघून मलाच कसंतरी व्हायचं.

मग एक दिवस भोंगा कामावर परतला. अंगानं निम्मा झालेला, पण खडखडीत बरा. तिच्याजवळ बसला आणि म्हणाला, "त्या दिवशी मनात तुला खूप शिव्या घातल्या. आता रोज सकाळी जाग आली की आधी तुझी आठवण येते."

"काम कर," आत्या म्हणाली, आणि सगळ्यांसमोर ढसाढसा रडली.