कोऱ्या जागेतली ओळ

परवा मुलीनं ई-मेलातला बीसीसीचा रकाना दाखवला. तिथं नाव टाकलं की त्या माणसालाही पत्र जातं आणि बाकीच्यांना पत्ता लागत नाही. ती मोठ्या कौतुकानं सांगत होती. मी म्हटलं, बाई, हा उद्योग मी सोलापुरात सत्तरच्या दशकात हातानं केलाय.

मी गिरणीच्या ऑफिसात टायपिस्ट होते. वर मूळ कागद, खाली कार्बन, त्याखाली प्रत. एखादी ओळ फक्त प्रतींवर हवी असली की ती टाइप करताना मूळ कागदावर चिठोरं धरायचं. शाई चिठोऱ्यावर, अक्षरं खालच्या प्रतींवर, मूळ कागद कोरा. हेडक्लार्कनं शिकवलेलं हे काम मला लवकर जमलं आणि त्याची घमेंडही होती.

मग गिरणीतला संप मोडला. काढून टाकलेल्या विणकरांचे इंग्रजी दाखले मीच टाइप केले. काम उत्तम, वर्तणूक उत्तम. खाली, चिठोऱ्याआड, आणखी एक ओळ: संपात पुढे होता, कामावर घेऊ नये. दाखला विणकराला मिळे, प्रती शहरातल्या बाकीच्या गिरण्यांना जात.

त्यातला एक आमच्याच चाळीतला, शेजारच्या खोलीतला. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी. चार गिरण्यांच्या गेटवरून हात हलवत परत आल्यावर तो दाखला घेऊन माझ्याकडे आला.

"ताई, ह्यात काय वंगाळ लिवलंय का वो?"

मी वाचून दाखवलं. सगळं चांगलंच होतं.

तो कागदावरून अंगठा फिरवत बसला. कापडातली गाठ शोधायची सवय ती. खालच्या कोऱ्या जागेवर अंगठा थांबला. शाई नव्हती, पण टाइपरायटरचे ठोके कागदात रुतले होते. हेडक्लार्कनं हे काही सांगितलं नव्हतं.

"हितं कायतरी हाय की. हाताला लागतंय."

 खरं सांगितलं तर हा ऑफिसात जाऊन भांडेल आणि उद्या माझी नोकरी जाईल, एवढंच मला सुचलं.

"काही नाही. मशीनचा दाब असतो तो," मी म्हटलं.

"तुमी म्हनताय म्हंजे नसंल."

त्यानं दाखल्याची जपून घडी केली. मला त्या खोटेपणाची आजही लाज वाटते. सकाळी तो पाचव्या गिरणीच्या गेटवर गेला. तिथली प्रत मीच आठवड्यापूर्वी पोस्टात टाकली होती.