वाळलेल्या कारवीचा भारा

इस्लामपूरच्या शाळेत मी शास्त्र शिकवायचो. एकोणीसशे सत्तरनंतरची ती वर्षं. शिराळ्याच्या पश्चिमेला डोंगरात राखीव जंगल होतं, तिथं मुलांची शिबिरं घ्यायचं काम माझ्याकडं आलं. मुलांना झाडं, पाखरं दाखवायची आणि कॉलेजच्या पोरापोरींचं स्वयंसेवक पथक उभं करायचं. मी लगेच हो म्हटलं. खरं तर जंगलाची माझी ओळख पुस्तकापुरतीच होती.

बाकीचं मला शिकवलं ते पायथ्याच्या वाडीतल्या एका बाईंनी. साठीच्या असतील, एकट्याच राहायच्या. मुलगा फौजेत होता. पहिल्याच शिबिरात मी हिरड्याला बेहडा म्हणालो, तेव्हा वाटेनं चाललेल्या त्या थांबून खळखळून हसल्या. "आवं गुरुजी, पानं बघा की जरा!" तेव्हापासून शिबिर असलं की त्या येऊन बसायच्या. शेकरू घरटं कुठं बांधतं, गव्याची वाट कशी ओळखायची, सगळं मुलांना सांगायच्या. कारवीचं झुडूप सात वर्षांनी एकदाच फुलतं आणि फुललं की मरतं, हेही मी त्यांच्याकडूनच ऐकलं.

तिसऱ्या वर्षी पथकाला मी दंडावर बांधायच्या हिरव्या फिती दिल्या. जंगलातली काडीसुद्धा कुणाला नेऊ द्यायची नाही, असं जोरदार भाषण केलं. पोरं भारावून गेली.

आदल्या साली कारवी फुलून गेली होती. रानभर तिच्या वाळल्या काठ्या उभ्या होत्या; वाडीतल्या घरांच्या कुडाच्या भिंती याच काठ्यांच्या असायच्या. एका सकाळी जिल्ह्याहून मोठे साहेब शिबिर बघायला आले होते. मी त्यांना माहिती देत असतानाच चार स्वयंसेवक बाईंना घेऊन आले. डोक्यावर कारवीचा भारा. कोयता एका पोरानं काढून घेतलेला.

"सर, चोरी पकडली!"

"पडवीचा कूड पडलाय, गुरुजी," बाई म्हणाल्या. "वाळल्याली हाय समदी. तुमास्नी ठाव हाय न्हवं?"

मला ठाऊक होतं. एवढंच बोलायचं होतं. पण साहेबांनी पोरांच्या पाठीवर थाप मारली, "शाब्बास! चांगलं तयार केलंय पथक," असं म्हणत माझ्याकडं पाहिलं, आणि मी हसलो. बाईंनी भारा तिथंच टाकला. कोणी अडवलं नाही. कोयता न घेताच त्या उतरून गेल्या.

पंधरा दिवसांनी मी कोयता घेऊन वाडीत गेलो. कुडाच्या जागी पोतं टांगलं होतं. त्यांनी मला घोंगडं टाकून बसवलं, गूळपाणी दिलं. मी चुकलो म्हणालो.

"पोरांवर रागवू नगा," त्या म्हणाल्या. "तुमी शिकवलं तसंच वागली ती."

"पुढच्या शिबिराला याल ना?"

"न्हाई गुरुजी. आता गुडघं लय दुकत्यात."

परत निघालो, तेव्हा डोक्यावर पाण्याची घागर घेऊन त्या भराभर चढण चढत होत्या.

पुढं चार वर्षं मी शिबिरं घेतली. पथक वाढलं, कौतुकही झालं. मुलं मात्र झाडांची नावं माझ्या वहीतून उतरून घ्यायची. एकदा एका मुलीनं विचारलं, "सर, हे सगळं तुम्हाला कुणी शिकवलं?" साहेब नव्हते, कुणीच नव्हतं. तरीही मी म्हणालो, "वाचून."