आजी कुठल्या चुलीची

जनगणनेचं महत्त्व पालकांना पटवून द्या, असं वरून सांगणाऱ्यांचं काय जातं! इकडे काजूचा हंगाम ऐन भरात, पार्से गावातली निम्मी माणसं डोंगरावर बोंडं गोळा करताहेत, आणि आम्ही शाळेत पालकसभा घ्यायची. तरी मी हट्टाला पेटले. पोरांबरोबर निरोप धाडला, भजी मिळतील असंही कळवलं. ती मीच घरून तळून नेली.

"बाई, आधार कार्ड आसा मगे परत कित्याक मोजतत?" पहिलाच प्रश्न. सावंतवाडीकडून काजूच्या कामाला येऊन इथेच स्थिरावलेलं एक जोडपं म्हणालं, आमची मोजणी गावाकडे होईल. मी म्हटलं, "अहो, तुम्ही इथे, पोरगी माझ्या वर्गात, आणि तिकडे काय कुलपाला मोजणार? इथे पोरं किती आहेत हेच वर कळलं नाही, तर शाळेला मास्तर तरी वाढवून कोण देईल?" सगळे हसले. मग सोपं करून सांगितलं. एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब. आपल्या चुलीवरचं एकही माणूस सुटता कामा नये, अगदी पाळण्यातलंसुद्धा. मोबाइलवर स्वतः भरा, मोजणीचं काम माझ्याकडेच आहे, नंतर मी घरी येऊन तपासून जाईन.

सभा उठली, भजी संपली, पण एक आजी बाकावरून हलेना. हिला मी रोज बघते. एका हाताला नात, दुसऱ्या हाताला नातू धरून शाळेत सोडायला येते. नात थोरल्या मुलाची, नातू धाकट्याचा. भावाभावांत वाटण्या झाल्यात, घराच्या मधोमध भिंत आलीय, आणि दोन्ही सुना एकमेकींचं तोंड बघत नाहीत. म्हणून सभेलाही दोघींच्या वतीनं तीच.

"बाई," ती हळूच म्हणाली, "माझी चूल खयची धरतलात? दुपारी थोरल्याकडे जेवतंय, रातचा धाकट्याकडे."

"आणि झोपता कुठे?"

"सोप्यार." म्हणजे पुढच्या ओसरीवर. भिंत तेवढी तिथवर पोचलेली नाही.

तिनं पदराच्या टोकाला गाठ मारली, सोडली. "थोरलो म्हणतलो धाकट्याकडे आसा, धाकटो म्हणतलो थोरल्याकडे. मगे मी खय? माडांचे वाटे झाले, काजींचे झाले, वाटपाच्या रगड्यावरसून तर भांडण झाला. माझा काय करूचा, ता कोणी इचारूक नाय. जेवणाच्या येळा तेवढ्यो ठरवल्यानी."

असा संताप आला मला! वाटलं, आत्ता जावं आणि दोघा भावांना अंगणात उभं करून चांगलं सोलून काढावं. दोघेही माझेच जुने विद्यार्थी, पाढे पाठ नसले की रडायचे. पण बाईनं पालकांच्या घरात नाक खुपसलं की ते पोरांच्या अंगाशी येतं. जीभ आवरली.

"आजी, तुम्हाला मी सुटू देणार नाही. कोणी नाही लिहिलं, तर तुमची एकटीची वेगळी चूल लिहीन. मग तर झालं?"

तिचा चेहरा पार उतरला. "तसा नको गो बाय. दोन झील असताना येगळी चूल? त्यापेक्षा लिवूच नको."

घाईघाईत नातवंडांचे हात धरून ती निघून गेली. मी मात्र स्वतःवरच चिडले. धीर द्यायला गेले, आणि म्हातारीच्या जिवाला घोर लावून बसले.

तपासणीसाठी त्या घराकडे वळले तेव्हा आजी सोप्यावर बसून माडाच्या झावळ्यांच्या हिरांची झाडू बांधत होती. मला बघून तिनं मान खाली घातली. मी थोरल्या सुनेच्या दारात गेले. तिनं मोबाइलवर भरलेलं दाखवलं. नवरा, ती, मुलगी आणि सासू. हुश्श! माझा जीव भांड्यात पडला. आता पलीकडे नुसती सही-शिक्क्यासारखी फेरी, म्हणून धाकटीकडे गेले. तिनंही दाखवलं. नवरा, ती, मुलगा आणि सासू.

"अगं, यांना तिकडे भरलंय," मी म्हटलं.

"तिकडे कित्याक?" धाकटी उसळली. "रातची पेज कोण वाढता तेंका? पायाक तेल कोण लायता?"

भिंतीपलीकडून थोरलीचा आवाज आला, "आणि सकाळचो पाव नि चाय? दुपारचा जेवाण? ता काय देव येवन देता?"

"बाईंक इचार, चुलीर जेवता तो आपलो, असा सांगल्यानी सभेत!"

"माका नको शिकवू! माझ्या चेडवान शाळेतसून येवन माका आदीच सांगल्यान!"

वाटण्या झाल्यापासून दोघींच्या तोंडून एकमेकींसाठी निघालेले हे पहिले शब्द. मी मध्ये पडले नाही. पडायला वेडी आहे का? सोप्यावर येऊन आजीजवळ बसले. झाडू तिच्या मांडीवरच राहिली होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि बोळकं तोंड हसत होतं. आत भांडण रंगात आलं होतं.

"आजी," मी म्हटलं, "दोन्हीकडे नाव ठेवता येत नाही हो. एकीकडचं काढावं लागेल."

"खयच्याय घरातसून काढा, बाई," ती म्हणाली. "आता माका चलात."