मामांचं ऑपरेशन आणि फाटलेली सोळा पानं

सुखदेवमामांचं हर्नियाचं ऑपरेशन एका खुनामुळे अडलं होतं, आणि तो खून माझ्या पिशवीतून दवाखान्यात गेला होता.

मामा तालुक्याच्या कोर्टात पट्टेवाले होते. तीस वर्षं त्यांनी दारात उभं राहून पुकारा केला. त्यांनी ‘हाजिर होऽऽ’ म्हटलं की समोरच्या टपरीवरचे पक्षकार हातातला चहा टाकून पळत सुटायचे (ज्यांची केस त्या दिवशी नसायची तेसुद्धा). पण मामांच्या जिवाला एक रुखरुख होती. साहेब निकाल वाचायला लागले की मामा बाहेर पुढच्या केसचा पुकारा करत असायचे. “तीस साल कोर्टात काढले बाई,” ते म्हणायचे, “पण एक निकाल कानानं पुरा ऐकला नाई.”

हर्निया त्यांनी चार वर्षं अंगावर काढला. शेवटी डॉक्टरांनी दम दिला की आतडं अडकलं तर धावपळ करायलाही वेळ मिळणार नाही. भुलीचे डॉक्टर अकोल्याहून फक्त गुरुवारी यायचे. म्हणून बीपी आटोक्यात आणायला मामांना सोमवारीच खामगावच्या एका दवाखान्यात दाखल केलं. मी नांदुऱ्याला शाळेत शिकवते. दिवाळीची सुट्टी होती, त्यामुळे रोज एसटीनं डबा नेणं आणि मामांचं मन रमवणं ही दोन कामं माझ्याकडे आली. (दुसरं मला कुणी सांगितलं नव्हतं.)

मी वाचनालयातून एक कादंबरी उचलली. मुखपृष्ठ गेलेलं, नाव नाही, लेखक नाही. पण पहिल्याच पानावर न्यायाधीश, वकील, आरोपीचा पिंजरा. म्हटलं, मामांना माहेरी गेल्यासारखं वाटेल. पुढचं पान काही मी उघडून पाहिलं नाही. आधी वाचलेलं असलं की वाचून दाखवताना चेहऱ्यावर खरं आश्चर्य उमटत नाही, असं माझं मत आहे. शाळेच्या गॅदरिंगमध्ये हे मत मी वीस वर्षं मांडते आहे.

नवव्या पानावर कळलं की कापसाच्या एका जिनिंगचा मालक किरकोळ ऑपरेशनसाठी दवाखान्यात दाखल होतो आणि तिसऱ्या दिवशी संशयास्पदरीत्या मरतो. मी पुस्तक मिटलं. मामांनी उशी पाठीमागे उभी केली.

“मिटवलं काऊन? कायचं ऑपरेशन होतं त्याचं?”

“अपेंडिक्सचं,” मी म्हटलं. कादंबरीत हर्नियाच होता.

मग माघार नव्हती. मी सगळ्यांचे आवाज काढले. सरकारी वकील खर्जात, नर्स नाकात, मयताचा धाकटा भाऊ जरा तिरका. मयताची एक गरीब भाचीही होती. रोज डबा घेऊन यायची आणि मामाच्या उशाशी बसून रडायची. तिच्यासाठी मी माझाच आवाज वापरला. दोनदा डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. कोपऱ्यात कमलमामी सुपारी कातरत होत्या. त्यांनी एकदा वर पाहिलं आणि पुन्हा सुपारीत लक्ष घातलं.

दुसऱ्या दिवशी मामांनी साक्षीदारांचा पुकारा स्वतःकडे घेतला. कादंबरीतल्या वॉर्डबॉय गजाननची साक्ष आली तशी त्यांनी पडल्यापडल्या छाती भरून हाक दिली. आता आमच्या भागात गजाननच्या नावानं पुकारा करायचा म्हणजे गर्दी बोलावण्यासारखंच. बाहेरच्या बाकांवरून तीन गजानन आपापले एक्स-रे घेऊन आत आले. नर्सनं दोघांना बाहेर काढलं. तिसरा साक्ष ऐकायला थांबला, आणि मग रोजच येत राहिला.

गुरुवारी अकराला मामांना आत न्यायचं होतं. दहा वाजता मी शेवटाला आले. ‘न्यायाधीशांनी चष्मा पुसला आणि निकालपत्र उघडलं.’ मी पान उलटलं. पुढे पुठ्ठा होता. (वाचनालयाच्या शिक्क्यावर पानं दोनशे चाळीस लिहिलेली, माझ्या हातात दोनशे चोवीस.)

मी पुस्तक छातीशी धरलं आणि खोकले. मामांनी शांतपणे सांगितलं, निकाल लागल्याशिवाय मी आत जात नाही. नर्स हिरवा गाऊन घेऊन उभी राहिली. मामांनी तो पायाशी ठेवला.

तेव्हा निकाल मलाच द्यावा लागला. सर्जनला खुनी करता येईना, कारण तासाभरात मामांवर सुरी तेच चालवणार. नर्सही नको, सुई तिच्या हातात. मी धाकट्या भावाला अडकवलं.

“तो त्या दिवशी नांदुऱ्याले लग्नात होता,” मामा म्हणाले. “कालच तर तू वाचलं.”

घाईत मला कादंबरीतला एक इसम आठवला. जेमतेम दोनदा येऊन गेलेला, कुणाच्या लक्षातही न राहिलेला. दोन्ही हात पसरून मी जाहीर केलं, “खुनी आहेत भुलीचे डॉक्टर!”

आणि पडदा सारून भुलीचे डॉक्टर आत आले. आमचे, खरे, अकोल्याचे.

मामांनी चादर गळ्यापर्यंत ओढली आणि उलटतपासणी सुरू केली. नाव, गाव झालं. “गुरुवारीच काऊन येता?” बिचारे म्हणाले, बाकीचे दिवस दुसऱ्या दवाखान्यांत असतो. “म्हणजे तिकडेही,” मामा म्हणाले. मागून तिसऱ्या गजाननानं मान हलवली.

डॉक्टर रागावले नाहीत. ते म्हणाले, पेशंटची तयारी नसेल तर मी भूल देत नाही, पुढच्या गुरुवारी पाहू. दारातून सर्जन म्हणाले की पुढच्या गुरुवारपर्यंत आतडं थांबेल असं मी लिहून देऊ शकत नाही. मामा तोंड फिरवून भिंतीकडे बघत राहिले. मी सगळे आवाज काढू शकते, पण त्या वेळी एकही निघेना.

मामींनी अडकित्ता खाली ठेवला. माझ्या हातातून पुस्तक घेतलं, उघडून मामांच्या डोळ्यांसमोर धरलं. शिवणीशी फाटक्या कडा दिसत होत्या.

“पानंच नाईत. हे मनानं सांगून राह्यली.”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. “खोटी साक्ष?”

मी मान खाली घातली.

“मंग निकाल?”

“निकाल नाई लागला. तारीख पडली,” मामी म्हणाल्या. “पुढच्या तारखेले तुमाले हाजिर राहा लागते.”

तीस वर्षांत पडलेल्या तारखेशी मामांनी कधी वाद घातला नव्हता. मग त्यांनी स्वतःच चादर बाजूला केली आणि गाऊन मागितला. स्ट्रेचरवरून जाताना भुलीच्या डॉक्टरांना म्हणाले, “तुमची साक्ष राखून ठेवली आहे.”

ऑपरेशन छान झालं. महिन्याभरानं बुलढाण्याच्या एका वाचनालयात, पहिल्या पानावरून ओळख पटवत, मला त्याच कादंबरीची अख्खी प्रत मिळाली. मी शिरा केला, डबा भरला आणि खामगावला मामांचं घर गाठलं. मामा धुतलेला सदरा घालून बसले होते. शेजारपाजारचेही आले होते. शेवटची सोळा पानं मी आधी वाचली नव्हती. (माझं मत तुम्हाला माहीत आहेच.)

न्यायाधीशांनी चष्मा पुसला. निकालपत्र उघडलं. मी आवाज चढवला. खुनी होती भाची. रोज डबा घेऊन येणारी, उशाशी बसून रडणारी भाची. विष डब्यात होतं. तिचा कबुलीजबाब अडीच पानांचा होता, आणि तो सगळा माझ्याच आवाजात होता.

आयुष्यातला पहिला निकाल पुरा ऐकून मामांनी चमचा खाली ठेवला.

“मले पहिल्याच दिवशी समजलं होतं,” मामी म्हणाल्या. “सख्खं माणूस इतकं रडते का?”

मामांनी शिऱ्याची ताटली हळूच माझ्याकडे सरकवली. “आधी तू खाय, मंदा.”

मी खाल्ला. सगळ्यांच्या देखरेखीखाली, पूर्ण.

परतीच्या एसटीत जलंबच्या जवळपास माझ्या लक्षात आलं, पहिल्या प्रतीतली ती सोळा पानं कुणी फाडली असतील. माझ्यासारखीच कुणीतरी भाची असणार, आजारी मामाच्या उशाशी बसलेली. फरक इतकाच की तिनं पुस्तक आधी वाचून पाहिलं होतं.