तोंडी हुकूम

"कागदावर नाही म्हणून मी ते बोललेच नाही, असं कसं म्हणू साहेब? तोंड माझंच होतं. अजून जागेवर आहे."

"बोलला नाहीत असं म्हणा, असं मी कुठं म्हणतोय?" साहेबांनी फाइल बाईंपुढं सरकवली. "पत्ता दोनदा विचारायचा, हा नियम छापून भिंतीवर लावलाय. पोरीनं एकदाही विचारला नाही. माणूस गेला. तुम्ही तिच्या सुपरवायझर, तुमची सही लागते. करा आणि मोकळ्या व्हा."

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी."

"म्हण कुठलीही लावा. सही उद्या दुपारपर्यंत पाहिजे."

बाईंनी फाइल काखेत मारली आणि बाहेर आल्या. बाहेर म्हणजे त्याच मजल्यावरच्या लांबट खोलीत. बारा टेबलं, बारा स्क्रीन, बारा जणांच्या कानाला हेडसेट. गावात कुणी पडलं, कापलं, भाजलं, की फोन इथं वाजतो आणि इथून अ‍ॅम्ब्युलन्स सुटते. बाईंची या खोलीत तेवीस वर्षं गेली होती, त्यातली नऊ सुपरवायझर म्हणून.

सगळे त्यांना मागून 'दोनदाबाई' म्हणत. कारण नव्या माणसाला त्या पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवत. घाबरलेलं माणूस पत्ता डोक्यातून सांगत नाही, सवयीतून सांगतं. बाप पडलेला असतो सासरच्या घरी आणि बाई पत्ता सांगते माहेरचा. म्हणून एकदा विचारायचं, लिहून घ्यायचं, आणि मग दुसऱ्या बाजूनं पुन्हा विचारायचं, "दारासमोर काय आहे?" पोरं चेष्टा करायची.

"बाईंनी लग्नातसुद्धा नवऱ्याला दोनदा विचारलं असेल."

"विचारलं ना," बाई म्हणायच्या. "दोन्ही वेळा हो म्हणाला. म्हणून तर फसले."

त्या उन्हाळ्यात मात्र माणसं माश्यांसारखी पटापट पडायला लागली. एकेका वेळी वीस-वीस कॉल ताटकळत. भिंतीवर नवा बोर्ड लागला होता, माणूस किती सेकंद थांबलाय ते लाल आकड्यात दाखवणारा. आकडा वाढला की वरून साहेबांचा फोन. त्यातच स्क्रीनला नवी सोय आली. ज्या नंबरवरून आधी कधी फोन आलेला असेल, त्याचा पत्ता आपोआप समोर यायचा. एका दुपारी बाई खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "स्क्रीनवर पत्ता आलाय ना? मग पुन्हा विचारत बसू नका. गाडी सोडा."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. सोळा दिवस काही झालं नाही. लाल आकडा खाली आला आणि साहेबांनी बाईंना मुद्दाम बोलावून शाबासकी दिली.

सतराव्या दिवशी सकाळी सव्वाअकराला नऊ नंबरच्या टेबलावर एका म्हातारीचा फोन आला. नऊ नंबरला चिमणी बसायची. आवाज बारीक म्हणून चिमणी. नोकरीला आठ महिने झालेले. म्हातारीचा नवरा न्हाणीत कोसळला होता. स्क्रीनवर पत्ता आला, चिमणीनं चाळीस सेकंदांत गाडी सोडली. वर म्हातारीला छाती कशी दाबायची तेही शिकवलं. कामात खोट काढायला जागा नव्हती, फक्त तो पत्ता दोन वर्षांपूर्वीचा होता. म्हातारा-म्हातारी त्यानंतर नदीपलीकडं, लेकीच्या घराजवळ राहायला गेली होती.

गाडी सहा मिनिटांत पोचली. दार उघडलं एका अनोळखी माणसानं, टॉवेलनं डोकं पुसत. खऱ्या दाराशी दुसरी गाडी गेली तेव्हा एकवीस मिनिटं झाली होती.

लवकर पोचली असती तर वाचला असता का? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. या उत्तराला कुठंच धरता येत नव्हतं.

बाईंनी रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. म्हातारी दम लागेपर्यंत आकडे मोजत होती, सांगितलं तसं. मधेच म्हणाली, "बाळा, गाडी दिसत नाही गं." आणि चिमणी, स्क्रीनवरचा गाडीचा ठिपका बघून, अगदी खात्रीनं, "आली आजी, तुमच्याच गल्लीत आहे." म्हातारी म्हणाली, "बरं." आणि पुन्हा एकपासून मोजायला लागली.

संध्याकाळी घरी नवरा शिलाई मशीनवर बसला होता. शिंप्याचं काम; दुकान बंद केल्यापासून घरीच कपडे बारीक-मोठे करून द्यायचा.

"केली सही?"

"नाही."

"नोकरीची दोन वर्षं राहिलीत गं तुझी. मान खाली घाल आणि काढ."

"खालीच आहे, अहो. वर कुठं होतेय."

"पोरगी तरणी आहे. दुसरीकडं लागेल कुठंतरी. तुला या वयात कोण विचारतंय?"

"आणि तिला कोण विचारेल? तिच्या चुकीनं माणूस मेला असं कागदावर लिहून दिल्यावर?"

नवऱ्यानं दोरा दातानं तोडला.

"कर मग काय ते. पण करून आल्यावर माझ्यापुढं रडायचं नाही."

"मी कधी रडले तुमच्यापुढं?"

"तेच म्हणतोय."

दुसऱ्या दिवशी बाईंनी फाइल सही न करता परत केली आणि सोबत स्वतःच्या हातानं लिहिलेला एक कागद ठेवला. 'पत्ता पुन्हा विचारू नका असं मी सर्वांसमोर तोंडी सांगितलं होतं. नऊ नंबरच्या मुलीनं माझा हुकूम पाळला.' खाली नाव, तारीख, सही.

साहेबांनी कागद वाचला. "बाई, यानं तुमचंच जातंय."

"तोंडही माझंच होतं, साहेब."

आठ दिवसांनी आदेश आला. बाईंचं सुपरवायझरपद गेलं, त्यांना पुन्हा टेबलावर बसवलं. चिमणीला ताकीद देऊन कामावर ठेवलं. बाईंची खुर्ची खोलीतल्याच लंबूला मिळाली. त्यालाही बाईंनीच शिकवलं होतं, त्यामुळं तो त्या खुर्चीत आग लागल्यासारखा बसायचा.

त्याच आठवड्यात एका सकाळी चिमणी आली ती हेडसेट वायर गुंडाळून हातात घेऊनच. बाईंपुढं ठेवला.

"हे काय?"

"सोडतेय, बाई."

"सोडतेय? अगं, तुला ठेवलंय. कागद आलाय."

"माहितेय. तुम्ही काय लिहिलंत तेही कळलं. पण मला होत नाही. रिंग वाजली की हात बटणाकडं जातच नाही."

"नाही जात. माझाही जायचा नाही. सहा महिने धीर धर."

चिमणी वायरीचं टोक चिमटीत फिरवत राहिली. "पत्त्याची चूक तुमची, असं तुम्ही लिहिलंत. असेलही. पण गाडी गल्लीत आहे असं त्या आजीला मी चारदा सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवला. नाहीतर बाहेर धावल्या असत्या, शेजारी-पाजारी कुणाला हाक मारली असती. त्याचं काय लिहिणार, बाई? ते कुणाच्या हुकमानं केलं मी?"

चूक पदरात घेतली की पोरगी सुटेल, एवढाच हिशेब बाईंनी केला होता. नोकरी वाचली होती, पण पोरगी सुटली नव्हती.

"जेवलीस का?" बाईंनी विचारलं.

"हो."

"खोटं बोलतेस."

"हो," चिमणी म्हणाली, आणि गेली. लिफ्टसाठी थांबली नाही, जिन्यानंच उतरली. तिच्या चपलांचा आवाज दोन मजले ऐकू आला.

खोलीत आधीच माणसं कमी होती. लाल आकडा चढत होता. लंबू मागं येऊन उभा राहिला, घसा खाकरला. बाईंना काम कसं सांगावं हे त्याला अजून जमत नव्हतं.

"बाई… नऊ नंबर वाजतोय."

"ऐकू येतंय मला. तू तुझी बोर्डाकडची बाजू बघ."

बाईंनी हेडसेटची गुंडाळी सोडली आणि नऊ नंबरला बसल्या. खुर्ची चिमणीच्या उंचीची होती, गुडघे टेबलाला लागत होते. नीट करायला वेळ नव्हता. पलीकडं एक बाप ओरडत होता, मागं त्याची लहान पोर टाहो फोडत होती. मणी गिळला होता की नाकात घातला होता, काही समजत नव्हतं.

"ओरडू नका, मी इथंच आहे," बाई म्हणाल्या. "रडतेय ना ती? मग श्वास चालू आहे. रडू द्या. पत्ता घेतला मी लिहून. आता मला सांगा, दारासमोर काय आहे?"