हात लावू नये

आमच्या ऑफिसातले किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. ते आपले आपण साठतात, कपाटावरच्या धुळीसारखे.

पेण आणि रोह्याकडच्या शाळांमध्ये 'विज्ञान खोल्या' उभ्या करायच्या, हे आमचं काम. खोलीत मायक्रोस्कोप, दुर्बीण, लोहचुंबकं, छोटे रोबो, सोल्डरिंगचं सामान. ज्या शाळेत साधी परीक्षानळी कुणी पाहिलेली नाही, तिथल्या मुलांनी हे सगळं स्वतःच्या हातांनी करून बघायचं. कल्पना चांगली आहे. त्याबद्दल माझी आजही तक्रार नाही.

टीम तिघांची. शुभांगीताई प्रमुख, मनीष फोटो आणि वाहतूक बघणार, आणि मी ट्रेनर. संध्याकाळी पेणच्या एसटी स्टँडसमोर चहाला बसलो की कुणीतरी म्हणतं, "तो हत्ती आठवतोय?" मग ताई हसतात, मनीष हसतो, मी हसतो. आणि मग चहा संपेपर्यंत कुणी कुणाकडे बघत नाही.

बाहेरच्यांना सांगायची लाज वाटते. तुम्ही काय बाहेरचे नाही. ऐका.

* * *

तर हत्ती. त्या वर्षी प्रत्येक खोलीला एक थ्रीडी प्रिंटर मिळणार होता. आला एकच. बाकीचे 'वाटेवर आहेत' असं वरून कळलं. पण उद्घाटनांच्या तारखा ठरलेल्या, पाहुणे ठरलेले, हारसुद्धा सांगून झालेले. तेव्हा मनीषने तोडगा काढला की प्रिंटर टेम्पोत घालून फिरवायचा. सकाळी रोह्याकडे रिबीन कापली की दुपारी तोच पेणकडे! मनीष त्याला गोधडीत गुंडाळून, आजारी माणसाला न्यावं तसा मांडीवर घेऊन बसायचा.

रोह्याच्या आतल्या अंगाला, भातशेतीच्या एका गावात, आम्ही मशीन सुरू केलं. प्लास्टिक वितळून थरावर थर बसायला लागले. आधी चार पाय उठले, मग पोट. मुलं जागची हलेनात. घंटा झाली तरी कुणी जेवायला गेलं नाही. आणि मनीष घड्याळ दाखवायला लागला, कारण दुपारचे पाहुणे निघाले होते.

आम्ही प्लग काढला. पोटापर्यंतचा हत्ती बाईंच्या हातात दिला आणि निघालो. टेम्पोत बसताना एक पोरगा खिडकीशी आला.

"सर, याचं डोकं कवा आणणार?"

आणू, म्हणालो. तो हत्ती अजून त्या वर्गाच्या खिडकीत आहे. मी त्या शाळेत गेलो की रस्त्याच्या बाजूने जातो, खिडकीच्या बाजूने जात नाही.

* * *

त्या दुपारचं उद्घाटन हमरापूरच्या पलीकडच्या एका गावात होतं. घरोघरी गणपतीचे कारखाने. ओटीवर, पडवीत, जिथे जागा मिळेल तिथे मूर्ती वाळत ठेवलेल्या. शाळा सातवीपर्यंत. पुढे शिकायचं तर पेणला जायचं.

तिथे भाषणं झाल्यावर सातवीतली सानिका पुढे आली. हिचे वडील मूर्तींची आखणी करतात, म्हणजे डोळे रंगवतात. तिच्या हातात कसलीशी बाटली होती. मनीषला वाटलं पाहुण्यांसाठी सरबत आहे, त्याने ती पाहुण्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली. ते खाडीचं पाणी होतं. नशिबाने पाहुण्यांना तहान नव्हती.

सानिकाला ते पाणी मायक्रोस्कोपखाली बघायचं होतं. तिने विचारलं, "सर, आमी कवा बगायचा?"

आज गडबड आहे, म्हणालो. आधी तुमच्या सरांचं ट्रेनिंग होईल, मग तुम्ही बघायचं. तिने मान डोलावली आणि बाटली परत घेऊन गेली. तिला वाटलं, ट्रेनिंग म्हणजे येत्या सोमवारी वगैरे असेल. खरं सांगायचं तर तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं.

* * *

आता स्टिकरचं ऐका. सानिकाच्या शाळेतल्या खोलीत विजेचा एक बोर्ड होता, त्यावर 'हात लावू नये' असा एक स्टिकर लावायचा होता. एक! पण प्रेसवाला म्हणाला, एवढंसं काम मी करत नाही. मग मनीषने गठ्ठाच छापून आणला, पिवळ्यावर लाल अक्षरं. उरलेला गठ्ठा शाळेतच राहिला.

महिन्याभराने गेलो. हेडमास्तर म्हात्रे सरांनी मोठ्या उत्साहाने कुलूप काढलं. दारावर आमचीच पाटी, 'हाताने करा, हाताने शिका'. आत दुर्बिणीवर, रोबोंवर, मायक्रोस्कोपवर, लोहचुंबकांवरसुद्धा एकेक पिवळा स्टिकर. सगळे अगदी सरळ रेषेत.

म्हात्रे सर वाईट माणूस नाही. ते म्हणाले, काही फुटलं तर माझ्या रिटायरमेंटला आडवं येईल. आणि सामान सुस्थितीत ठेवीन असं आम्हीच त्यांच्याकडून लिहून घेतलं होतं, त्यामुळे आम्ही कुठल्या तोंडाने बोलणार? शुभांगीताईंनी एका लोहचुंबकावरचा स्टिकर नखाने काढला आणि पर्समध्ये टाकला.

निघताना सानिका खिडकीच्या गजांना धरून उभी होती. मी विचारायच्या आधीच म्हणालो, "पुढच्या महिन्यात ट्रेनिंग." पुढच्या महिन्यात ते झालं नाही. आमची दुसरीकडे उद्घाटनं होती.

* * *

मनीषचे फोटो फार छान येतात. मात्र खोलीत काम करणारी मुलं दाखवायची तर त्यांच्या डोळ्यांवर संरक्षक गॉगल हवेत, असा नियम. गॉगल मोजके होते. या मुलांचे काढून त्या मुलांना घालायचे आणि पुढचा फोटो घ्यायचा.

पाचवीतल्या एका पोराला जाड भिंगांचा चष्मा होता. त्यावर गॉगल बसेना. मनीषने त्याचा चष्मा काढून खिशात ठेवला, गॉगल चढवला आणि हातात काहीतरी देऊन सांगितलं, "याच्याकडे एकटक बघ." फोटो असा आला की काय सांगू. भुवया आक्रसलेल्या, ओठ दाबलेले, जणू पोरगा मोठा शोध लावतोय. तो वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर गेला.

अहवाल द्यायला आम्ही त्या शाळेत गेलो. पोराने चष्मा नीट बसवून मुखपृष्ठ बराच वेळ न्याहाळलं. मग मला विचारलं, "सर, माझ्या हातात काय होतं?"

मनीष तेव्हापासून मुखपृष्ठासाठी इमारतीचे फोटो काढतो.

* * *

दसऱ्याच्या दिवशी म्हात्रे सरांचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "आज खोली उघडली, सर. सगळी मुलं आत आहेत. फोटो पाठवतो." आम्ही तिघं फोनभोवती जमलो. ताईंनी तर पेढे आणायला पैसे काढले.

फोटो आला. टेबलावर नवं कापड, त्यावर सगळी उपकरणं मांडलेली, प्रत्येकावर झेंडूचं फूल, कुंकू आणि अक्षता. मुलं रांगेने येऊन नमस्कार करत होती. त्या गावात दसऱ्याला ब्रश पुजतात, रंगाचा कॉम्प्रेसर पुजतात. मग शाळेची हत्यारं तेवढी का वगळायची? पूजा झाली, प्रसाद झाला, कुलूप लागलं.

मोठ्या वर्गातली म्हणून मायक्रोस्कोपला कुंकू लावायचा मान सानिकाला मिळाला होता. नंतर गेलो तेव्हा तिने मला अगदी खासगी गोष्ट सांगावी तसं सांगितलं. "सर, मी हात लावला. गार लागतो."

भिंगावरचं कुंकू मी रुमालाने पुसलं. म्हात्रे सर शेजारीच उभे होते, ते म्हणाले, सांभाळून हां. तिला त्याच वेळी आत बोलावून दोन मिनिटं बघू दिलं असतं तर काय आभाळ कोसळणार होतं? पण किल्ली त्यांच्या हातात होती, त्यांना घाई होती, आणि मला पुढच्या शाळेत जायचं होतं. या सगळ्या कारणांची आता लाज वाटते. तेव्हा ती पुरेशी वाटली होती.

* * *

जानेवारीत मुंबईहून मोठे पाहुणे आले. देणगीदारांपैकी. त्यांच्यासाठी खोल्या झाडल्या, मुलांना स्वागतगीत बसवलं. गाडी पनवेलच्या पुढे ट्रॅफिकमध्ये अडकली, म्हणून मुलं उन्हात तशीच उभी. शेवटी साहेब आले. माणूस प्रेमळ होता. भाषण न करता तो सरळ चौथीतल्या एका पोरासमोर उकिडवा बसला.

"या खोलीमुळे तू काय शिकलास, बाळ?"

पोराने प्रामाणिकपणे विचार केला.

"रांगेत उभं राहायला."

साहेब खूप हसले. पोरांच्या हजरजबाबीपणाचं त्यांनी गाडीत बसेपर्यंत कौतुक केलं. तो हजरजबाबीपणा नव्हता, हे फक्त आम्हा तिघांना माहीत होतं.

* * *

आता शेवटचा. हा आम्ही चहावर काढत नाही.

एप्रिल अखेर. परीक्षा संपत आल्या होत्या. मी हमरापूरपलीकडच्या त्या शाळेत निघालो होतो, आणि मोठी बातमी घेऊन निघालो होतो. ट्रेनिंगची तारीख पक्की झाली होती. जूनमध्ये! नक्की! वाटेवरचं जितं गाव मागे पडलं तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की जूनमध्ये सानिका या शाळेत नसणार. ती आठवीला पेणला जाणार. तोंडातली बातमी एकदम कडू झाली.

शाळेत पोचलो तर म्हात्रे सर कसल्याशा मीटिंगला तालुक्याला गेलेले. किल्ली त्यांच्यासोबत. खोलीला कुलूप. मधली सुट्टी होती, पण मैदानात पोरं दिसेनात. मागच्या बाजूने आवाज येत होता, म्हणून वळसा घालून गेलो.

खोलीच्या मागच्या खिडकीखाली, पायरीवर, मायक्रोस्कोप ठेवला होता.

वाटलं, पोरांनी कुलूप फोडलं. जवळ गेलो तेव्हा कळलं, शाडूचा आहे. तीच उंची, तशीच वाकलेली मान, बाजूला फिरवायची चाकं, काळा रंग, कडांना चंदेरी. गजांमधून बघून बघून घडवलेला. नळीवर कुंकवाचं बोटसुद्धा होतं. आणि बुडाशी पिवळा चौकोन रंगवून त्यात बारीक कुंचल्याने लाल अक्षरं काढली होती, 'हात लावू नये'. मूळ वस्तूवर होतं ते सगळं केलं होतं, काही सोडलं नव्हतं.

समोर पहिली-दुसरीच्या पोरांची रांग होती. सानिका बाजूला उभी राहून एकेकाला पुढे घेत होती. शेजारी खाडीच्या पाण्याची बाटली. एक चिमुरडी डोळा लावून हलेचना, तशी मागची म्हणाली, "सरक गो."

नळी भरीव होती. मी सानिकाला विचारलं, यातून काय दिसतं गं?

"दिसत काय नाय, सर," ती म्हणाली. "पन डोला लावता येतो."

जूनची तारीख मी सांगितली नाही. तिने मला दुसरीतल्या एका पोराच्या मागे उभं केलं. माझी पाळी आली तेव्हा मी चष्मा काढला, गुडघे टेकले आणि डोळा लावला. गार लागलं.

मागून कुणीतरी शर्ट ओढला. "सर, लवकर बगा ना. माजा नंबर हाय."